जुना संगणक : टाकावा की राखावा?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पूर्वी मिक्सरचे पाते, इस्त्रीची वायर आणि पाण्याच्या पंपाची झडप यांविषयी विचारणा असे. अलीकडे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, मडगाव अशा निरनिराळ्या ठिकाणांहून एकच पृच्छा वारंवार येत आहे : घरातला आठ-दहा वर्षांचा संगणक आता टाकून द्यावा काय?

प्रश्नाचे निमित्त उघड आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढे वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळाव्यात म्हणून घरगुती ग्राहकांना वेगळी नोंदणी करण्याची सोय तिने ठेवली. परंतु मुदतवाढ ही मुदतवाढच. पुढची प्रणाली विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिला टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-घटक लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धातला वा त्यानंतरचा लागतो. त्याआधीचा संगणक कितीही धडधाकट असला तरी त्याला नियमाप्रमाणे प्रवेश नाही. दुकानदाराचे उत्तर तयारच असते : “काका, हा भंगारात द्या, नवा घ्या.” नव्याचा आकडा ऐकला की निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात दोन दिवस शांतता पसरते.

आमचे उत्तर असे की, टाकण्याचा निर्णय शेवटी घ्यावा, आधी नव्हे. त्याला दोन कारणे आहेत. एक पैशाचे, दुसरे त्याहून मोठे, ते म्हणजे त्या पेटीच्या पोटात काय साठले आहे, याचे. दोन्हींचा विचार या वेळी क्रमाने करू.

आधी प्रत, मग दुरुस्ती

संगणकाचा प्रत्येक भाग पैसे देऊन पुन्हा मिळतो. त्याच्या डिस्कवरचा मजकूर मात्र मिळत नाही. म्हणून कोणत्याही दुरुस्तीचा पहिला खर्च हा प्रत काढून ठेवण्याचा असावा. हार्ड डिस्क हे फिरणाऱ्या तबकड्यांचे यंत्र आहे. फिरणारी वस्तू झिजते, हा नियम तिलाही लागू. पाच-सहा वर्षे वापरलेल्या डिस्कमधून टिक्-टिक् असा नवा आवाज येऊ लागला, फाइल उघडताना संगणक मध्येच थिजू लागला, तर ती शेवटची पूर्वसूचना समजावी. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत कार्यक्रमाने ती नोंद वाचता येते. तेथे ‘सावधान’ असा पिवळा शेरा दिसला, तर त्या दिवशी दुसरे काही न करता फक्त प्रत काढावी.

प्रती दोन असाव्यात आणि दोन ठिकाणी असाव्यात. आपल्यासारख्या पांगलेल्या कुटुंबांना ही सोय सहज साधते. एक प्रत ग्वाल्हेरला स्वतःच्या कपाटात, दुसरी पुण्याला लेकीकडे. दिवाळीला जाताना जुनी परत आणावी, नवी ठेवून यावी.

मराठी घरांसाठी येथे एक विशेष सूचना आहे आणि ती दुकानदार कधी देत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरोघरी जे मराठी टंकलेखन झाले, कुळवृत्तान्त, मंडळाचे अहवाल, आजोबांच्या आठवणी, आजीच्या हातची पाककृतींची वही, ते बहुतेक श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा त्या काळच्या साधनांनी झाले. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी मजकूर हा रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असे. फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देत असे. तो फॉन्ट नसेल, तर फाइल उघडते, पण वाचता येत नाही; अर्थहीन चिन्हांचा नुसता ढीग दिसतो. म्हणून प्रत काढताना मजकुराच्या फाइलींबरोबर विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या कप्प्यातील मराठी फॉन्टही उचलून ठेवावेत. शक्य तर जुना संगणक चालू आहे तोवरच तो मजकूर पीडीएफ रूपात छापून घ्यावा, म्हणजे निदान वाचता तरी येईल. पुढे सवडीने तो परिवर्तकाच्या मदतीने युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनात रफार, अर्धी अक्षरे आणि पहिली वेलांटी यांचे घोटाळे होतात; तेव्हा मुद्रितशोधनाला घरातील मराठी जाणणारे माणूस बसवावे. हे काम नातवाच्या भरवशावर टाकण्यासारखे नाही. फार तर त्याला शेजारी बसवून घ्यावे.

एका घराची हकीकत

हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण एका कुटुंबाची हकीकत आहे. हैदराबादेत तीन पिढ्या काढलेले हे घर आमच्या परिचयाचे. आजोबा १९४८ च्या पोलीस कारवाईच्या वेळी शाळकरी वयाचे होते. निवृत्तीनंतर त्यांनी त्या दिवसांच्या आणि एकूण आयुष्याच्या आठवणी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात स्वतः बोटे चालवून टंकित केल्या. पाने एकशे चाळीस. आजोबा गेले. पाने एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली आणि २०१४ साली घेतलेल्या संगणकात येऊन थांबली. कागदावर ती कोणी छापली नव्हती. सर्वांचा समज असा की, ती दुसऱ्या कोणाकडे तरी असतील.

२०२५ च्या दिवाळीआधी तो संगणक फार मंद झाला. चालू केल्यापासून काम सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होई. एका दुकानात विचारले, तेव्हा ‘जुना द्या, दीड हजार वळते करून घेतो, नवा पंचेचाळीस हजारांत बसवून देतो,’ असा सल्ला मिळाला. जुना द्यायचा म्हणजे डिस्कसकट द्यायचा. सौदा जवळजवळ ठरला होता. पेटी पुसून दाराशी आणून ठेवली होती. सूनबाईंनी सहज विचारले, “मामंजींचे ते लिखाण कुठे आहे?” कोणाकडेच उत्तर नव्हते.

पेटी परत आत आली. डिस्कची नोंद वाचली, तर पिवळा शेरा. दोन रात्री प्रत काढण्याचे काम चालले. एका लग्नाची सुमारे दोनशे छायाचित्रे वाचली गेली नाहीत, ती गेलीच. आठवणींची एकशे चाळीस पाने मात्र सगळी सुखरूप निघाली. त्यानंतरच दुरुस्तीकडे वळले. नवी २५६ जीबीची एसएसडी एकोणीसशे रुपये, जुन्या बाजारातील ४ जीबी रॅम सहाशे, साटा केबल ऐंशी, मदरबोर्डवरची बटण-बॅटरी चाळीस, प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट दीडशे आणि मजुरी पाचशे : एकूण तीन हजार दोनशे सत्तर. आता तो संगणक मिनिटभरात कामाला तयार होतो. सूनबाई रोज दोन पाने युनिकोडमध्ये तपासून घेतात. पंचेचाळीस हजार वाचले ही गोष्ट त्या घरात दुसऱ्या क्रमांकाने सांगितली जाते.

खर्चाचा क्रम

या हकीकतीतील खर्चाचा क्रम यदृच्छेने आलेला नव्हता. जुना संगणक मंद झाला की लोक प्रोसेसरला दोष देतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. पत्रलेखन, हिशेब, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास आणि चलच्चित्रे एवढ्या कामाला दहा वर्षांपूर्वीचा मध्यम प्रोसेसरही पुरतो. वेळ खातो तो बहुधा हार्ड डिस्कचा काटा. तबकडीवर एखादी जागा शोधायला त्याला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. ऐकायला हा वेळ अल्प वाटतो. पण संगणक चालू होताना अशा हजारो फेऱ्या होतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून तिला हा शोध जवळजवळ लागतच नाही. एका दमात वाचण्याचा वेगही हार्ड डिस्कच्या सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या तुलनेत साध्या साटा एसएसडीचा पाचशेच्या घरात जातो. तेव्हा पहिला रुपया एसएसडीवर खर्च करावा.

घेताना जोडणी पाहावी. अडीच इंची साटा एसएसडी जवळजवळ प्रत्येक जुन्या डेस्कटॉपला आणि हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक लॅपटॉपला बसते. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ एसएसडी मात्र मदरबोर्डवर तशी खाच असेल तरच उपयोगाची. आणि त्या खाचेतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन पंथ आहेत. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत चालेलच असे नाही. मदरबोर्डचा नमुना-क्रमांक वहीत उतरवून न्यावा आणि दुकानदारापुढे ठेवावा. नुसते ‘जुना संगणक आहे’ असे सांगणे म्हणजे चपलेचे माप न सांगता चप्पल मागवणे होय.

एसएसडीचे गुण सांगितले, तसा दोषही सांगितला पाहिजे. हार्ड डिस्क कुरकुर करून मरते. एसएसडी पुष्कळदा सूचना न देता एका क्षणी गप्प होते. शिवाय विजेवाचून वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली, तर तिच्यावरचा मजकूर क्षीण होण्याचा संभव असतो. रोजच्या कामाला एसएसडी आणि ठेवणीतल्या प्रतीला हार्ड डिस्क, अशी वाटणी करावी. काढलेली जुनी डिस्क निरोगी असेल, तर काही शे रुपयांच्या यूएसबी खोक्यात घालून दुसऱ्या प्रतीसाठी वापरता येते. एकमेव प्रतीसाठी मात्र कधीही नाही.

दुसरा खर्च रॅमचा. ४ जीबी असेल तर ८ करावी. घरगुती कामाला त्यापुढे जाण्याची निकड सहसा नसते. रॅमच्या पिढ्या एकमेकींत मिसळत नाहीत. डेस्कटॉपची डीडीआर३ ही २४० पिनांची, डीडीआर४ आणि डीडीआर५ या २८८ पिनांच्या. परंतु प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसवण्यासाठी जोर लावावा लागला, तर भाग चुकीचा आहे असे समजून थांबावे. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती वेगळी मागावी. आणखी एक. संगणकात ३२ बिटांची विंडोज असेल तर तिला सुमारे साडेतीन जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही. अशा घरी रॅम वाढवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. आधी ६४ बिटांची प्रणाली घालावी.

रॅमच्या भावाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या संगणकगृहांसाठी मागणी वाढल्याने त्यांनी आपले उत्पादन तिकडे वळवले आणि २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले, पाठोपाठ एसएसडीचेही. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. आमच्या वाचकांसाठी याचा अर्थ एवढाच की, वर सांगितलेले आकडे त्या दिवसांचे आहेत, आणि चढत्या बाजारात जुना संगणक सांभाळण्याचे मोल वाढलेच आहे.

तिसरा खर्च विजेच्या शिस्तीचा. एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या पेटीवर ‘४५० वॉट’ असे छापलेले असते. त्या छपाईवर विश्वास ठेवू नये. ती जळताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत नेते. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही तिच्या पोटात काही काळ जीवघेणा भार शिल्लक राहतो. ब्रँडेड कार्यालयीन संगणकांची पेटी पुष्कळदा खास आकाराची आणि खास जोडणीची असते, हेही बाजारात जाण्यापूर्वी पाहून घ्यावे. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे. घरगुती नमुन्यात तो बहुधा ३६० वॉटचा असतो. त्याच्यावर लेझर प्रिंटर लावू नये. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. यूपीएस बिघडला असे समजून नवा घेण्यापूर्वी ती तपासून घ्यावी.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर दोष संगणकाचा नसून घराच्या अर्थिंगचा असण्याचा संभव अधिक. तेथे संगणकवाला नको, वायरमन बोलवा. हा खर्च संगणकाच्या खात्यावर लिहू नये. तो जिवाच्या खात्यावरचा आहे.

शेवटी प्रोसेसर. जुन्या मदरबोर्डसाठी नवा प्रोसेसर शोधणे, त्यासाठी मदरबोर्ड बदलणे, मग त्याला जुनी रॅम चालत नाही म्हणून तीही बदलणे, हा मार्ग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला या म्हणीपाशी जाऊन थांबतो. त्या वाटेला जाऊच नये.

बिघाडाचे निदान

घरगुती वैद्यकाप्रमाणे येथेही काही उपाय घरी करण्यासारखे आहेत. नियम तीन. प्लग काढल्यावाचून पेटी उघडू नये. प्लग काढल्यावर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि आतील भागाला स्पर्श करण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. आणि एका वेळी एकच बदल करावा; दोन केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा : आधी मॉनिटरची वायर दोन्हीकडून काढून पुन्हा बसवावी. मग रॅम काढून तिचे सोनेरी दात मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, भुगा झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ असा आवाज करून लागेपर्यंत ती बसवावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहावी. गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेत पावसाळ्यानंतर हा बिघाड हमखास उद्‌भवतो, कारण दातांवर बारीक गंज धरतो. पुष्कळ दुकानांत याच कामाचे पाचशे रुपये घेतात.

तारीख रोज मागे जाते, संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत : हे विषाणूचे काम नव्हे. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बटण-बॅटरी संपली आहे. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि ती मुदत संगणक आपल्या घड्याळावरून पडताळतो. घड्याळ दहा वर्षे मागे गेले, तर खरे प्रमाणपत्रही त्याला खोटे वाटते. चाळीस-पन्नास रुपयांत आणि पाच मिनिटांत हे काम उरकते.

अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो : उष्णता. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत हा नित्याचा रोग आहे. प्रोसेसरच्या पंख्याखालील पन्हळींत धुळीचा नमदा बसतो आणि थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी होते. ब्लोअरने धूळ उडवावी, मात्र पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे; जोराने फिरले तर पंखा बिघडतो. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. हे काम पहिल्या वेळी जाणकाराकडून करवून घ्यावे आणि शेजारी उभे राहून पाहावे. पाल आणि मुंग्या यांचाही आत संचार असतो. मागची रिकामी फट पत्र्याची पट्टी लावून बंद केली, तर निम्मे अनर्थ टळतात.

पावसाळ्यात विजा चमकत असताना नुसता बोर्डावरचा खटका बंद करणे पुरत नाही. प्लग काढावा आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढावी. विजेचा धक्का पुष्कळदा तिच्या वाटेने येतो. लॅपटॉपची बॅटरी फुगून तळ उचलला गेला असेल, तर तो लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये, बॅटरीला टोचू-दाबू नये. हे काम घरचे नव्हे.

बाजारात जाताना

दिल्लीचे नेहरू प्लेस, बेंगळूरूचा एस.पी. रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, इंदूरचा सिल्व्हर मॉल, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, या सुट्या भागांच्या जुन्या पेठा. तेथे भाव करावा, पण बिलावर करू नये. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के कमी’ हे वाक्य गोड वाटते. पुढे भाग बिघडला, की हमीपत्र त्या अठरा टक्क्यांबरोबर गेलेले असते. बिलावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, ते दुकानातच पाहावे. एसएसडीला साधारणपणे तीन ते पाच वर्षांची हमी असते; ती भारतात चालणारी आहे ना, हे विचारावे. तक्रार निघाली आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. खरेदी परगावी झाली असली तरी हरकत नाही. बाहेरगावी बाजार करणाऱ्या आपल्या घरांना ही तरतूद विशेष उपयोगाची आहे.

पाचशे रुपयांत दोन टीबीची पेनड्राइव्ह मिळत असेल, तर ती खोटी आहे, हे न पाहता सांगता येते. अशा वस्तूत साठवण नावापुरती असते. आकडा मात्र खोटा दाखवण्याची व्यवस्था केलेली असते. भरत गेले की पुढचा मजकूर नाहीसा होतो, आणि हे कळते ते प्रत लागेल त्या दिवशी.

जुना संगणक सांभाळण्यालाही मर्यादा आहे. तशाच कामाच्या दुसऱ्या संगणकाच्या किमतीच्या एकतृतीयांशाहून अधिक खर्च येत असेल, किंवा मदरबोर्डच जळला असेल, तर थांबावे. अशा वेळी नवाच घ्यावा असेही नाही. मोठ्या कार्यालयांतून पाच-सहा वर्षांनी बाहेर पडणारे डेल, एचपी, लेनोव्हो यांचे डेस्कटॉप दुरुस्त करून विकले जातात. आठव्या पिढीचा वा पुढचा प्रोसेसर, पक्के बिल आणि निदान वर्षाची लेखी हमी, एवढे असेल तर मध्यमवर्गीय घराला तो सौदा परवडतो.

आणि ज्याला विंडोज ११ चालत नाही, पण बाकी सर्व ठीक आहे, त्याचे काय? आधार संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करू नयेत, याविषयी आमचे मत ठाम आहे. त्याला लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली हा चांगला पर्याय आहे. ४ जीबी रॅमवर ती सुखाने चालते, पेनड्राइव्हवरून चालवून आधी पाहता येते, पडद्यावरची भाषा मराठी करता येते आणि लिबरऑफिसमध्ये पत्रे-हिशेब होतात. मात्र टॅली, श्रीलिपी यांसारखे विंडोजसाठीच बनलेले कार्यक्रम आणि काही प्रिंटर तेथे अडतात. ज्यांचे पोट त्या कार्यक्रमांवर आहे, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. ज्यांना पत्र लिहायचे, वाचायचे आणि मुलाबाळांशी बोलायचे आहे, त्यांनी अवश्य जावे.

टाकायचाच झाला, तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्राकडे तो द्यावा. आणि देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी. तिच्यावर तुमच्या बँकेची कागदपत्रे असतात, आणि कदाचित एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची एकशे चाळीस पानेही असतात.

म्हणून आमची विनंती अशी की, या रविवारी दुरुस्तीचा विचार दूर ठेवून प्रथम आपल्या संगणकात घरचे मराठी लिखाण काय काय आहे, याची एक यादी करावी आणि त्याची प्रत काढावी. पुढील अंकी जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना नेमके कोणते घोटाळे होतात आणि ते कसे सोडवावेत, याविषयी लिहिण्याचा मानस आहे. ज्या वाचकांपाशी न वाचता येणारी जुनी मराठी फाइल असेल, त्यांनी तिच्या पहिल्या पानाचा छापील नमुना आणि ती कोणत्या साधनाने टंकित केली होती ते कळवावे. मूळ प्रत मात्र कोणाकडेही, आमच्याकडेही, पाठवू नये.